राजिम कोणाच्या नावाचं?

राजिम या तीर्थाच्या गावाचं नाव तिथल्या राजीवलोचन देवावरून पडलं, असं आमच्या वैशाली नगरात कोणी म्हणू नये. म्हटलं, की शेजारचे वानखेडेकाका हातातला चहा खाली ठेवतात आणि त्या माणसाला धरतात. परवा सुपेल्याच्या चौकात ऑटोवाला तसं बोलला, तर भर ट्रॅफिकमध्ये ऑटो थांबवून खाली उतरले! मागे हॉर्नवर हॉर्न, आणि हे त्या बिचाऱ्याला इतिहास शिकवून राहिले. सोबत मी, भाजीची पिशवी सांभाळत. अशी लाज वाटली म्हणून सांगू!

“तेलीण होती ती, राजिम नावाची! देवाची मूर्ती तिले सापडली. राजा मूर्तीच्या भारोभार सोनं देत होता, तिनं फक्त गावाले आपलं नाव मागितलं. अन् तुम्ही तेही पुसून राहिले? कावून?”

आता इतक्या जुन्या काळातलं खरंखोटं कोण पाहायला गेलंय? पण पोलाद कारखान्याच्या रेल मिलमधून रिटायर झालेल्या माणसाला वेळच वेळ. मी आपली “हो काका” म्हणून सुटायची.

पण माझ्याच पोराच्या लग्नात? तिथे मात्र माझं डोकंच फिरलं.

सप्तपदी झाली. ताटात तांदूळ पसरले. सुनेचं नवं नाव लिहायला मुलानं अंगठी हातात घेतली. शर्वरी, मी हौसेनं निवडलेलं. तेवढ्यात काका उठले आणि ताटच उचलून मांडीवर घेऊन बसले!

“पोरीले नाव आहे ना, दीपा! मग दुसरं कावून?”

भटजी थांबले. व्याही माझ्याकडे बघायला लागले. मी भडकलेच. “काका, रीत आहे ती! इथं तुमचं राजिम नको. ठेवा ताट खाली!”

ठेवलं नाही. खाली बघूनच म्हणाले, “मंदा, तुझ्या काकूचं नाव काय होतं?”

“सुमन.”

“ते मी ठेवलं, असंच तांदळात. तिचं माहेरचं सेवंता. शेवटी दवाखान्यात मी सुमन, सुमन करून राहिलो, डोळे नाही उघडले तिनं. मग तिचा भाऊ आला. सेवंता म्हणाला. तसं वळून पाहिलं तिनं त्याच्याकडे. माझ्याकडे नाही पाहिलं, मंदा.”

माझा राग कुठल्या कुठे गेला. मुलाला म्हटलं, “लिही रे. दीपाच लिही.”

काकांनी ताट खाली ठेवलं आणि विस्कटलेले तांदूळ स्वतःच्या हातानं सारखे करून दिले.