दुय्यम दुभाषी

१९७२ सालच्या दिवाळीनंतर संगमनेरकडच्या एका साखर कारखान्यात इंडोनेशियाचे पाहुणे येणार, असं पत्र आलं. दुभाषी मिळवून देणाऱ्याला नोकरीत कायम करू, असं सचिव आप्पासाहेबांनी जाहीर केलं. रंगनाथ नऊ वर्षं हंगामी कारकून होता. त्यानं लगोलग चुलत्याला, सूर्यभाननानांना, उभं केलं. दुसऱ्या महायुद्धात नाना मलायात होते, तीन वर्षं जपान्यांच्या कैदेत. तिथल्या लोकांत राहून मलय शिकून आले होते.

"पण पाहुणे इंडोनेशियन आहेत," आप्पासाहेब म्हणाले.

"येकच हाय, सायेब," नाना म्हणाले. "त्यांचं यांना कळतं, यांचं त्यांना."

प्रकरण वर गेलं. उत्तर आलं : 'भाषा एक असल्यास नावे दोन का, व दोन असल्यास उमेदवार एक का, याचा खुलासा व्हावा.' त्याच वर्षी इंडोनेशिया आणि मलेशिया या दोन्ही देशांनी मिळून स्पेलिंगसुद्धा एक केलं होतं, पण ते परिपत्रक आमच्या तालुक्यात आलं नव्हतं.

मग पुण्याहून तपासणीला साहेब आले. "दोन भाषांत फरक नेमका किती?"

नानांनी विचार केला. "तुमच्या आन् आमच्या बोलन्यात हाय ना, तेवढा."

"म्हणजे बराच," साहेबांनी लिहून घेतलं. आता यात नानांचं काय चुकलं? पण साहेबांच्या ध्यानात आलं, की उमेदवाराची मराठीही मराठीत बसत नाही. सबब तिचं शुद्ध मराठीत रूपांतर करण्यास दुय्यम दुभाषी नेमावा, असा शेरा पडला. रंगनाथाला कायम करायचं ते याच जागेवर. त्यानं एवढंच लिहून द्यायचं होतं, की सदर बोली अर्जदाराची मातृभाषा नसून त्याने ती परिश्रमपूर्वक आत्मसात केली आहे.

रंगनाथाला लाज वाटली, खरंच वाटली. पण नऊ वर्षं काय थोडी झाली? त्यानं सही ठोकली. ऑफिसात तो चुलत्याला 'सदर इसम' म्हणू लागला आणि घरीही जपून बोलू लागला. चुलती कडूबाई म्हणाली, "ह्याला बरं न्हाई का?"

पाहुणे आले. नानांशी त्यांच्या अशा गप्पा रंगल्या, की ऊस बाजूलाच राहिला.

"काय म्हणतात?" साहेबांनी विचारलं.

नाना रंगनाथाकडं बघून हसले. "म्हनत्यात, ह्यो माझाच पोरगा दिसतो. नाकडोळं माझंच हायती."

रंगनाथानं घसा साफ केला. "पाहुणे म्हणतात, साखर उत्तम आहे."

नानांना शुद्ध मराठी चांगली कळत होती. ते पाहुण्यांना ऊस दाखवायला घेऊन गेले.

रंगनाथ कायम झाला. आणि वाचताना नानांच्या 'हाय'चं आपण मनातल्या मनात 'आहे' केलं असेल, तर आपणही अर्ज करायला हरकत नाही.