माझी फुप्फुसं आणि पहिला सेकंद

माझ्यासारखा श्वास अख्ख्या तळेगावात कुणी सोडत नाही! हे मी म्हणत नाही. म्हणजे, मीच म्हणतो, पण पुराव्यानिशी म्हणतो. लोणावळ्याला तीन दिवसांचं प्राणायाम शिबिर केल्यापासून माझा एक उच्छ्वास चाळीस सेकंद चालतो. बायको राजेश्वरी म्हणते, "तेवढ्यात माझी निम्मी कणीक मळून होते." तिला या शास्त्रातलं फारसं कळत नाही.

त्यामुळे नवलाख उंबरे गावातल्या आमच्या कारखान्यात पेंट शॉपच्या प्रमुखाची जागा निघाली, तेव्हा मी निर्धास्त होतो. बावीस वर्षं दर्जा तपासणीत पार्ट मोजत काढली. आता एक केबिन आणि दारावर माझ्या नावाची पाटी, एवढीच इच्छा उरली होती. रंगाच्या वाफांतलं काम, म्हणून फुप्फुसांची तपासणी सक्तीची. माझ्याशिवाय उमेदवार एकच, प्रज्ञेश. रोज अर्धं पाकीट सिगारेट ओढणारा प्रज्ञेश! मी आदल्या दिवशीच त्याच्या खांद्यावर हात ठेवून "पुढच्या वेळी बघू हं" म्हणून आलो.

तपासणी कॅन्टीनमध्ये होती. मशीनवर अपेक्षा नावाची मुलगी. तिनं माझ्या नाकाला चिमटा लावला, हातात नळी दिली.

"काका, छातीभर श्वास घ्या आणि एकदम जोरात फुंका. असेल नसेल तेवढी ताकद लावून!"

मी हसलो. "बाळ, किती वर्षं झाली या कामाला?"

"दोन."

"मग नीट बघ आणि शीक."

मी डोळे मिटले, चेहऱ्यावर मंद स्मित आणलं आणि श्वास सोडायला लागलो. हळुवार. संथ. अपेक्षा ओरडत होती, "काका, जोरात! जोरात! अहो, जोरात!" मला वाटलं, पोरगी भारावून गेली. कंपनीचा फोटोग्राफरही फोटो काढत होता. मी तीनदा फुंकलं. तिन्ही वेळा मशीनवरची रेघ तंतोतंत एकसारखी! शेवटी दर्जा तपासणीतला माणूस आहे मी.

"काका, असा रिपोर्ट चुकीचा येईल हो," अपेक्षा रडवेली होऊन म्हणाली.

"तिन्ही सारखे आले ना? मग चुकीचा कसा?"

रिपोर्ट आला. श्वासनलिकांत तीव्र अडथळा! आणि प्रज्ञेश? नॉर्मल! एचआरच्या साहेबांनी मला खुर्ची दिली, पाणी दिलं, पंखा वाढवला आणि सांगितलं, "शनिवारी दुपारपर्यंत छातीच्या डॉक्टरांचा दाखला आणा. नाहीतर जागा प्रज्ञेशला."

ही बातमी राजेश्वरीच्या फोनवरून टाकवे बुद्रुकला पोचली. दुसऱ्या दिवशी तिचे अंबाजी मामा अडुळशाची मोळी घेऊन दारात हजर! मामा म्हणजे मावळातल्या बैलगाडा शर्यतींचे जुने जाणकार. त्यांचा आवाज शर्यतीच्या घाटाच्या, म्हणजे बैल पळतात त्या धावपट्टीच्या, या टोकापासून त्या टोकापर्यंत जातो, आणि घरातही ते तोच आवाज वापरतात.

"जावईबापू, तुमी आदी आडवं व्हा!"

"मामा, मला काही झालेलं नाही."

"समद्यांला तसंच वाटतं. मंग येक दिस कळतं!"

मी तीन दिवस अडुळसा प्यालो. शनिवारी सकाळी मात्र माझं डोकं चाललं. मशीनला जोरात हवंय ना? देऊ की! शिवाय शिबिरात सांगितलंच होतं, कार्बन डायऑक्साइड म्हणजे विष. मी गॅलरीत उभा राहिलो आणि सगळं विष उपसायचं ठरवून भराभर फुंकायला लागलो. पन्नासाव्या फुंकेला ओठांना मुंग्या आल्या. साठाव्याला बोटं आखडली. सत्तराव्याला मी राजेश्वरीच्या तुळशीवर आडवा!

"अहो, काय झालं? बोला ना काहीतरी!" राजेश्वरी किंचाळली.

"लकवा हाय त्यो! उचला!" मामा गरजले.

मामांनी मला सोसायटीखाली भाजी विकायला आलेल्या टेम्पोत टाकलं. लोणावळ्यापर्यंत मी मेथीच्या जुड्यांवर पडून होतो, आणि मामा माझ्या नाकाला कांदा लावून बसले होते.

तिथल्या छातीच्या डॉक्टर चंद्रिकांनी माझ्या बोटाला ऑक्सिजन मोजायचा चिमटा लावला. "नव्व्याण्णव! छान. आता सावकाश श्वास घ्या. भराभर फुंकून तुम्ही रक्तातला कार्बन डायऑक्साइड फार कमी केलात, म्हणून मुंग्या आल्या."

"पण तो विष ना?"

"साठला तर त्रास देतो. पण थोडा शरीराला लागतोच."

"आणि मी रोज नाभीपर्यंत ऑक्सिजन भरतो तो?"

"नाभीपाशी आतडी असतात, आदिनाथराव. हवा फुप्फुसांतच जाते. तिथं कोट्यवधी बारीक पिशव्या असतात, आणि त्यांना केसाहून बारीक रक्तवाहिन्या चिकटलेल्या. मधला पडदा इतका पातळ, की ऑक्सिजन इकडून रक्तात जातो आणि कार्बन डायऑक्साइड तिकडून बाहेर येतो."

तपासणीत अपेक्षा कशी ओरडत होती, तेही मी अभिमानानं सांगितलं. मग त्यांनी मामांनी सोबत आणलेला माझा रिपोर्ट उघडला आणि हसू दाबलं. "पहिल्या सेकंदात किती हवा बाहेर येते, ते हे मशीन मुख्यतः बघतं. दम्यात नळ्या अरुंद होतात, हवा रेंगाळते. तुम्ही ती मुद्दाम रेंगाळवलीत. हा माणूस आजारी आहे की अतिशहाणा, हे मशीनला कसं कळावं?"

"आवं, मंग ह्ये घाटागतच की!" मामा उठून उभे राहिले. "बैल पयल्या झेपंलाच उठला पायजे! जावईबापूंनी त्यो चरायला सोडला!"

पुन्हा तपासणी. मी नळी तोंडात धरली, छाती भरली, आणि मामांनी कानाशी शर्यतीतली आरोळी ठोकली, "भिर्रर्रर्र!"

घाबरून माझी सगळी हवा एका दमात बाहेर! बाहेरचे तीन पेशंट उठून उभे राहिले. डॉक्टर पुढं काही म्हणायच्या आत मामांनी आणखी दोनदा तसंच करवलं. रेघ अशी उभी चढली की बघत राहावं!

दाखला घेऊन मी एक वाजता कंपनीत पोचलो. एचआरच्या साहेबांनी मोठ्यानं वाचलं, "फुप्फुसे पूर्णपणे निरोगी. अभिनंदन, आदिनाथराव!" मला दारावरची पाटी दिसायला लागली. मग त्यांनी खालची ओळ वाचली. "पहिला अहवाल चुकण्याचे कारण: वारंवार सांगूनही सूचना ऐकल्या नाहीत."

त्यांनी दाखल्याची घडी घातली. "पेंट शॉप सगळं सूचनांवरच चालतं हो," ते म्हणाले.

जागा प्रज्ञेशला मिळाली. मला खूप वाईट वाटलं, खोटं कशाला बोलू? सोमवारी त्यानं नव्या केबिनमधून पहिला आदेश काढला: पुढच्या तपासणीसाठी कॅन्टीनमध्ये एक पोस्टर लावायचं, 'असे फुंकू नये!' वर माझा रिपोर्ट, खाली मिटल्या डोळ्यांचा, मंद स्मित करणारा मी.

"तुमची हरकत नसेल तरच लावतो," प्रज्ञेश म्हणाला.

मी हरकत घेतली नाही. फोटो, आता तुमच्यापाशी म्हणून सांगतो, फारच छान आलाय!