आमचं सेंटर प्रामाणिक कसं झालं

मी कुणाच्याही बापाला भीत नाही! हे वाक्य मी तंजावरच्या मेल वीथीतल्या माझ्या स्वतःच्या 'शेषगिरी टाइपरायटिंग अँड कॉम्प्युटर सेंटर'मध्ये, चार विद्यार्थ्यांसमोर, टेबलावर हात आपटून उच्चारलं. टेबलावरची कॉफी सांडली, पण वाक्य मात्र उभं राहिलं. निदान पाच मिनिटं तरी.

ते २००१ सालचं नवरात्र होतं. माझ्याकडे सहा टाइपरायटर आणि चार कॉम्प्युटर. टाइपरायटर माझे, कॉम्प्युटरही माझेच. कॉम्प्युटरच्या पोटात जे होतं ते मात्र माझा मेव्हणा मुरलीकृष्ण दर खेपेला चेन्नईहून पिशवीतून आणायचा, वर केळी, खाली केळी आणि मधे सीड्या. विंडोज म्हणू नका, चित्रं काढायचा प्रोग्राम म्हणू नका, पगारपत्रकाचा म्हणू नका. एकूण तेहतीस! प्रत्येकीवर मी माझ्या वळणदार अक्षरात नाव घातलं होतं आणि पुढे प्रामाणिकपणे लिहिलं होतं, 'कॉपी'. दोन-तीन सीड्यांवर तर 'कॉपीची कॉपी'.

तर त्या दिवशी रघोजीमामा आत आले आणि उभ्या उभ्या म्हणाले, "धाड. कुंभकोणम. काल. मशिनं जप्त. मालक रडला."

रघोजीमामा म्हणजे माझ्या आईचे चुलतभाऊ. पापनाशमच्या तारऑफिसात बत्तीस वर्षं काढलेली. तारेत प्रत्येक शब्दाला पैसे पडतात, ही गोष्ट त्यांच्या रक्तात इतकी भिनली की पेन्शनीत निघाल्यावरही त्यांनी शब्दांची उधळपट्टी सुरू केली नाही. लग्नाच्या बोलण्यांनाही ते तारेसारखेच बोलतात. त्यामुळे आमच्या घराण्यात दोन लग्नं मोडली आहेत.

"कसली धाड, मामा?"

"चोरीचं सॉफ्टवेअर. कंपनीचा माणूस. सफारी सूट. ब्रीफकेस."

"मग काय करतो तो?"

"हसतो. नमस्कार करतो. सील ठोकतो."

तेव्हा मी ते बापाचं वाक्य बोललो. विद्यार्थी गेले. मी दार लावलं आणि हळू आवाजात विचारलं, "मामा, तंजावरला कधी येईल तो?"

"वाटेत."

सेंटरला सील म्हणजे आमच्या चुलीलाच सील. मामांनी शर्टाच्या आतून एक सीडी काढली. कुठल्याशा इंग्रजी मासिकाबरोबर आलेली.

"लिनक्स. विंडोजऐवजी. फुकट. कायदेशीर."

शेवटचे हे दोन शब्द मी त्याआधी फक्त देवळातल्या प्रसादाबद्दल एकत्र ऐकले होते! मी तिथल्या तिथे ठरवलं. दोन दिवसांत चारही मशिनं बदलायची. नवमीच्या आयुधपूजेच्या आत सेंटर धुतल्या तांदळासारखं करायचं. मग येऊ दे कुणाचाही सफारी!

पहिल्या मशिनने मामांना काहीतरी विचारलं. मामांनी कळ दाबली.

"काय विचारलं त्याने?"

"सगळं पुसू का."

"तुम्ही काय सांगितलंत?"

"हो."

"मामा! त्यात विद्यार्थ्यांची यादी होती! तीन वर्षांची!"

"होती," मामांनी मान्य केलं.

उरलेल्या तीन मशिनांचंही तेच झालं. माउस फक्त वर-खाली चालायला लागला, आडवा जायचं नावच काढेना. प्रिंटरला एक पान सांगितलं तर त्याने चाळीस पानं काढली, दर पानावर एकेक अक्षर, पत्ते वाटावेत तशी! माझी सर्वांत हुशार विद्यार्थिनी साईप्रिया काळ्या पडद्यासमोर बसली आणि पाच मिनिटांनी म्हणाली, "सार, हे बिघडलंय."

"नाही. असंच असतं," मामा म्हणाले. मामांचा चेहरा लग्नातल्या करवलीइतका फुलला होता. काळा पडदा, पांढरी अक्षरं, आखूड हुकूम, आखूड उत्तर. "काम झालं तर बोलत नाही," ते माझ्या कानात म्हणाले. "उत्तम माणूस." मामांच्या तोंडून सलग इतके शब्द मी चार वर्षांत ऐकले नव्हते.

मला मात्र जिकडेतिकडे सफारीच दिसायला लागला. त्या वर्षी तंजावरात विमा एजंटापासून गुरांच्या डॉक्टरापर्यंत सगळे सफारीच घालत होते, हे माझ्या आधी लक्षात आलं नव्हतं. जुन्या बसस्टँडवर एका सफारीला पाहून मी केळ्यांच्या गाडीमागे लपलो. तो माझा सख्खा साडू निघाला, आणि आजतागायत तो मला त्याचं कारण विचारतो आहे.

राहिला प्रश्न त्या तेहतीस सीड्यांचा. जाळाव्यात तर वास शेजाऱ्यांच्या घरात. पुराव्यात तर समोरच्याचा कुत्रा परसात येऊन उकरणार. आयुधपूजेच्या दिवशी सकाळी मी सीड्यांचा डबा बायकोच्या, म्हणजे विशालाक्षीच्या हातात दिला आणि म्हणालो, "हा अशा जागी ठेव, की कुणी हात लावणार नाही." आणि पूजेला कमळं आणायला तिरुवैयारूला निघून गेलो.

दुपारी परतलो तर कोपऱ्यावरचा चहावाला हात हलवत धावत आला. "सार! एक माणूस तुमचा पत्ता विचारत होता! सफारी, हातात पेटी! तुम्ही काळजी करू नका, मी स्वतः दारापर्यंत सोडून आलो!"

कमळं कुठे पडली मला ठाऊक नाही.

सेंटर आमच्या घराच्या पुढच्याच खोलीत. आत पाहतो तो पूजा मांडलेली. सहा टाइपरायटरना गंध, चार कॉम्प्युटरना गंध आणि झेंडूच्या माळा, सगळं बंद. आणि सरस्वतीच्या पुढ्यात, तांब्याच्या परातीत, माझ्या तेहतीस सीड्या! धुऊन, पुसून, नावाची बाजू वर करून, प्रत्येकीवर गंध आणि वर कुंकवाचा टिळा! परातीसमोर सफारीतला एक माणूस हात जोडून, डोळे मिटून उभा. शेजारी ब्रीफकेस.

मी विशालाक्षीकडे पाहिलं.

"असं काय बघता?" ती कुजबुजली. "तुम्हीच म्हणालात ना, कुणी हात लावणार नाही अशी जागा? आज पूजेतल्या वस्तूला कोण हात लावतंय?"

बाईंचं बरोबर होतं! आमच्या गावात आयुधपूजेला मांडलेली वस्तू दुसऱ्या दिवशीच्या पुनर्पूजेपर्यंत हलवायची नाही. अभ्यास नको असलेली पोरं म्हणूनच गणिताचं पुस्तक आधी नेऊन ठेवतात.

त्या माणसाने डोळे उघडले आणि सीड्या वाचायला लागला. एकेक. ओठ हलवत.

"कॉपी," तो म्हणाला.

"कॉपी," मी म्हणालो. दुसरं काय म्हणणार? अक्षर माझंच होतं.

"एवढ्या सगळ्या तुमच्या?"

"देवीच्या!" माझा आवाज मांजराचा आला. "पण मशिनमध्ये यातलं काही नाही हो! एकदम स्वच्छ! थांबा, लावून दाखवतो!"

मी बटणाकडे झेपावलो.

"अहो! हात!" विशालाक्षी किंचाळली.

"निषिद्ध," कोपऱ्यातून मामा म्हणाले.

माझी काय अवस्था झाली असेल बघा. गुन्हा परातीत चकाकतोय, आणि निर्दोषपणा झेंडूच्या माळेखाली झोपलाय, त्याला उठवायची सोय नाही!

"नको, नको," तो माणूस घाईने म्हणाला. "पूजेत हात नको. मी उद्या नऊला येतो." तो हसला. नमस्कार केला. विशालाक्षीने दिलेलं हरभऱ्याचं सुंडल खाल्लं, वाटी खाली ठेवली आणि दारातून वळून म्हणाला, "सगळं असंच ठेवा हं."

"पुरावा," मामा म्हणाले.

संध्याकाळी विशालाक्षीने एका पिशवीत नेसायला दोन वेष्ट्या, पंचा आणि लिंबाच्या लोणच्याची बाटली भरली. "आत देतात की नाही, कोण जाणे," ती म्हणाली. सांत्वन करायची तिची ही पद्धत आहे.

विजयादशमीला सहाच्या आत मी पुनर्पूजा उरकायला लावली. भटजी मंत्र म्हणत होते, मी घड्याळ बघत होतो. मग निर्माल्याबरोबर तेहतीस सीड्या पिशवीत भरून वेण्णार नदीच्या घाटावर गेलो आणि सोडल्या पाण्यात. तिथे अंघोळ करणाऱ्या शेषम्मा नावाच्या एका आजींनी गंध-कुंकू लावलेल्या अकरा सीड्या बुडी मारून परत आणल्या. "देवाच्या ताटल्या वाहून चालल्या होत्या, बाबा!" मी त्यांच्या पाया पडलो, आणि त्या गेल्यावर अकराही पुन्हा बुडवल्या.

नऊला तो आला. सफारी तोच. एका हातात ब्रीफकेस, दुसऱ्या हातात ताट. ताटात विडा, नारळ, केळी. मागे एक मुलगी. मी बेड्यांसाठी दोन्ही मनगटं पुढे केली. त्याने त्यांवर ताट ठेवलं.

"मी बाळकृष्णराव. ओरत्तनाडूला हेडमास्तर आहे," तो म्हणाला. काल तमिळ बोलत होता, आज चक्क आमच्या घरच्या मराठीत! "ही शांभवी. आज विद्यारंभाचा मुहूर्त, हिला कॉम्प्युटरला घालायचंय. गावातली सगळी सेंटरं पाहिली हो. कुणाकडे चार सीड्या, कुणाकडे सहा. तुमच्याकडे तेहतीस! आणि पूजेत! मी घरी सांगितलं, हा माणूस विद्येला मानतो." त्याने इकडेतिकडे पाहिलं. "कुठे आहेत त्या?"

"नदीत."

बाळकृष्णरावांनी रिकाम्या परातीकडे पाहिलं.

शांभवी काळ्या पडद्यासमोर बसली होती. "अप्पा, हे बिघडलंय."

"एखादी कॉपी तरी ठेवली असेल?" बाळकृष्णरावांनी आशेने विचारलं.

ताट माझ्या हातून परत घेऊन ते रस्ता ओलांडून समोरच्या सेंटरमध्ये गेले. आठवड्याभरात साईप्रियाही तिकडे गेली, आणि तिच्यामागून बाकीचे तिघे. तिकडे माउस आडवाही चालतो म्हणतात.

पोंगलनंतर एके दिवशी कंपनीचा तो खरा माणूस आला. सफारी नाही की ब्रीफकेस नाही, साधी वेष्टी आणि खांद्याला शबनम. त्याने चारही मशिनं उघडून तपासली आणि उठून माझा हात हातात घेतला. "सार, या जिल्ह्यात सगळं कायदेशीर असलेलं हे पहिलं सेंटर बघतोय." माझी छाती फुगली. मग त्याने रिकाम्या खुर्च्यांकडे पाहिलं. "आज सुट्टी आहे का? कुणी आलेलं दिसत नाही."

"आपण आलात," मामा म्हणाले.

मी घाईघाईने चहा मागवला आणि आग्रह करकरून त्याला अर्धा तास खिडकीजवळच्या मशिनसमोर बसवून ठेवलं. रस्त्यावरून बघणाऱ्याला निदान एक खुर्ची भरलेली दिसली.