राजकन्या तुळजाबाईच्या हातास अक्षर आले त्याची हकीकत

श्रीगजाननास आणि जिने मुक्या खुणांस उच्चार दिला त्या शारदेस नमन करून, शके सोळाशे एक्याण्णव, विरोधी नाम संवत्सरी, एका राज्यात जे वर्तले ते लिहितो. राज्याचे नाव सांगण्याचे कारण नाही. त्या राज्याची रीत ऐसी होती, की राजघरच्या मुलाने आठव्या वर्षी वसंतपंचमीस भरसभेत आपल्या हाताने नाव लिहावे, तीर्थरूपांचे नाव लिहावे आणि राज्याचे नाव लिहावे, आणि ते सभेस वाचता यावे. न आले तर त्याची दौत उचलून न्यावी, पुन्हा पंतोजी लावू नये आणि त्याने जन्मभर अंगठाच करावा. महाराजांच्या एका चुलत्यांस ऐसे घडले होते, आणि ते कागद समोर आला की खोकला आल्याचे निमित्त करून बाहेर जात.

महाराजांची एकुलती कन्या तुळजाबाई सात सरून आठव्यात लागली. तिला आधी हरभट नामे गुरुजी होते. विद्वान मोठे, परंतु अक्षर वाकडे पडले की बोटांवर शिमटी ओढीत. मग ऐसे जाहले की बोरू दिसला की मुलीची मूठ मिटे, आणि मिटली ती उघडेना. हरभटजींनी "मुलगी मंद आहे" ऐसे सांगून बिदागी घेतली आणि गावी गेले. तेव्हा महाराजांनी जिवाजीपंत पंतोजींस बोलाविले. पंत साठी उलटलेले, दात थोडे, घाई त्याहून थोडी. त्यांनी मुलीची मूठ पाहिली, आणि दौत, बोरू, कागद सर्व कोनाड्यात ठेवून वर पडदा सोडला.

मग मुदपाकखान्यातून परात आणविली, तीत तांदळाची पिठी पसरली आणि आपण एक बोट फिरवून अक्षर काढले. मुलीने पाहिले आणि आपलेही बोट फिरविले. चुकले तर परात हलवावी, पिठी सारखी व्हावी, चूक कोणी केली होती हे परातीसही आठवू नये, ऐसी सोय होती. मग खडूने फरशीवर अक्षरे रेखून त्यांवर चिंचोके मांडविले. मग कणकेच्या वळ्या करून त्यांची अक्षरे वळविली, तव्यावर भाजविली, आणि जे अक्षर ओळखता येईल तेवढेच खावे ऐसा करार केला. मुलीने मुळाक्षरे ऐसी भराभर ओळखिली की संध्याकाळी जेवण जाईना. मग पंतांनी पाठ करून बसावे, मुलीने पाठीवर बोटाने अक्षर लिहावे, पंतांनी ओळखावे. आणि पंत मुद्दाम चुकले की मुलीने "नीट लक्ष द्या पंतोजी, पुन्हा सांगणार नाही" ऐसे हरभटजींच्या आवाजात म्हणावे. मग चौकात रांगोळीची घोंगडीएवढी अक्षरे काढून त्यांवरून चालविले. तेथे मुलगी थांबली आणि म्हणाली, "पंतोजी, ळ च्या पोटात दोन खोल्या आहेत. एकीत मी उभी राहिले तर दुसरीत कोण?" पंत म्हणाले, "दुसरीत मी," आणि धोतर सावरून जाऊन उभे राहिले.

हे सज्ज्यातून दिवाण नारो त्रिमल यांनी पाहिले. ते खाली आले आणि म्हणाले, "पंतोजी, राजकन्येस लिहिणे शिकविता की पोळ्या लाटणे?"

"पोळी गोल आली तर ठ साधतो, दिवाणसाहेब."

"सभेत परात येणार नाही. कागद येईल, आणि कागद हा एवढाच असतो," ऐसे म्हणून दिवाणांनी दोन्ही हातांनी माप दाखविले आणि गेले.

पंत तेथेच उभे राहिले. दिवाण बोलले ते खरे होते. मुलगी चौकभर लिहीत होती, परातभर लिहीत होती. लहान लिहावे लागते हे तिला कोणी सांगितलेच नव्हते, आणि न सांगणारे आपणच, हे पंतांच्या ध्यानी आले. त्यांनी पडदा सारून बोरू काढला आणि तिच्यापुढे ठेविला. मूठ मिटली. पंतांनी बोरू परत ठेविला, पडदा सोडला आणि म्हणाले, "चल, पिठी चाळू." परंतु त्या दिवशी जेवणात त्यांचे मन नव्हते. मूठ जिंकावी तर वेळ नाही, आणि वेळ जिंकावा तर मूठ जाते, ऐसा पेच पडला, आणि तो सुटण्यापूर्वी वसंतपंचमी आली.

सभा भरली. पांढरी बिछायत अंथरली, मानकरी बसले, पंत अगदी टोकास खांबाशी बसले. मधोमध चौरंग, त्यावर कागद, दौत, बोरू. मुलगी आली, बसली, बोरू पाहिला, आणि मूठ मिटली. सभा वाट पाहू लागली. चुलते खोकत बाहेर गेले. पंतांनी डोळे मिटून घेतले, कारण आता धावून जाणे रीतीत नव्हते.

मग मुलीने मुठीतून एकच बोट सोडविले, दौतीत बुडविले आणि कागदावर ठेविले. पहिल्याच अक्षराने कागद भरला. तिने कागद उचलून बाजूस ठेविला, दौत हाती घेतली आणि बिछायतीवर लिहू लागली. दिवाण म्हणाले, "कागद संपला, नाव संपले नाही. म्हणजे हुकले."

महाराज म्हणाले, "लिहिणे चालू आहे तोवर हुकले कसे? बोरूविषयी रीत काय म्हणते?"

दिवाण कठोर होते परंतु खोटे नव्हते. म्हणाले, "रीत हात म्हणते."

नाव जाहले, आणि तीर्थरूपांच्या नावास आरंभ जाहला. अक्षरे एकेक हात उंच, रेघ मात्र सरळ. मुलगी ओणवी सरकत दिवाणांपाशी आली आणि म्हणाली, "नारोकाका, पाय उचला, तुमच्याखाली माझा काना आहे." दिवाणांनी पाय उचलले, मग बैठकही उचलली, आणि त्यांच्या मागोमाग मानकऱ्यांची सारी ओळ उठून भिंतीशी लागली. वरच्या सज्ज्यातून राणीवसा ते मोठ्याने वाचू लागला. राज्याचे नाव संपता संपता बिछायतही संपत आली, आणि शेवटचे अक्षर खांबाशी येऊन ठेपले. तेथे पंत अजून डोळे मिटून बसले होते. मुलीने त्यांना हाक मारिली नाही. शाईच्या बोटाने त्यांच्या पाठीवर ते अक्षर आधी काढिले. पंतांनी ओळखिले, या वेळी बरोबर ओळखिले, आणि न सांगता सरकून जागा दिली.

ऐसे हे प्रकरण जाहले. दौत राहिली, अंगठा टळला. बोरू मुलीने पुढे चैत्रात आपण होऊन मागितला, कारण एवढी बिछायत रोज कोण देणार. पंतांचा अंगरखा धुतला, डाग गेला नाही, आणि पंतांनी दुसरा शिवविला नाही. इति.