महाराजांच्या हातचा पाक

॥ श्री ॥ प्रथम कुलस्वामिनीस दंडवत, मग चुलीतल्या अग्निनारायणास, आणि मग साखर, आले, लवंग, दालचिनी या मंडळीस, की ज्यांच्या कृपेने आणि अवकृपेने पुढील वर्तमान घडले. शके सोळाशे एकोणनव्वद, सर्वजित नाम संवत्सर, आश्विन वद्य द्वादशी, ते दिवशी महाराज हैबतराव यांनी स्वहस्ते सरबताचा पाक केला, त्याची हकीकत स्वामींनी पुसली, ती सेवकाने पाहिली-ऐकिली तैसी लिहिली आहे. अधिकउणे असेल ते पाकाच्या माथी मारावे, सेवकाच्या मारू नये.

राज्य नदीच्या ऐलतीरी, लहानसेच. महाराज शूर, तलवारीस कधी भ्याले नाहीत, परंतु दोघांनी दोन गोष्टी सांगितल्या की घाबरे व्हावे, की आता कोणाचे खरे धरावे. पैलतीरी थोरली बहीण सगुणाबाई, तीस महाराज आक्का म्हणत. या वर्तमानाआधी दोन वर्षे भाऊबीजेस महाराजांस कामाचा गुंता पडला, तेव्हा दिवाण त्र्यंबकपंत यांनी तोड काढिली की स्वारी न गेली तरी स्वारीचे पागोटे जावे, पागोटे म्हणजे महाराजच. मग पागोटे तबकात ठेवून, वर छत्र धरून, एका कारकुनासमवेत नावेतून पाठविले. आक्कासाहेबांनी पागोट्यास पाटावर बसविले, ओवाळिले, पुढे ताट वाढिले, आग्रह करून एक करंजी अधिक घातली, आणि पागोट्याने न जेविलेले ते ताट झाकून परत पाठविले, सोबत चिठी की, पागोट्याची प्रकृती बरी दिसली, भावाची कळवावी. महाराजांनी चिठी तीनदा वाचिली आणि प्रकृती बरी आहे ऐसे उत्तर लिहविले. त्यावर पैलतीराहून वर्षभर एक अक्षर आले नाही, आणि का आले नाही हे महाराजांस उमजले नाही.

मग आदल्या वर्षी समेट व्हावा म्हणोन, मातोश्री दर दिवाळीस लिंबू, आले आणि मसाले घालून सरबताचा पाक करीत आणि बरण्या भरून आप्तेष्टांस धाडीत, तैसा पाक करविला. केला तो ठकूबाईने, जी मातोश्रींच्या हाताखाली चाळीस वर्षे मुदपाकखान्यात राबली होती, आणि बरणीस चिठी लाविली की महाराजांनी स्वहस्ते केला. आक्कासाहेबांनी बोट बुडवून चाखिला आणि बरणी परत केली. निरोप असा की, "ठकूबाईचा हात मी ओळखते. पाक उत्तम आहे, म्हणोनच परत करिते. पुढील भाऊबीजेस स्वतः यावे आणि स्वतः केलेले आणावे. तेही न जमले तर औक्षणाचे तबक नदीत सोडीन, पुन्हा माझे दार वाजवू नये." उत्तम आहे म्हणोन परत, या वाक्यापाशी महाराजांची बुद्धी अडली ती अडलीच. परंतु शेवटले वाक्य चांगलेच कळले, कारण मातोश्री गेल्यावर त्यांस अरेतुरे करणारे या पृथ्वीवर ते एकच मनुष्य उरले होते, आणि तेही गेले तर आपण नुसते महाराजच राहू, याचे त्यांस फार दुःख होते.

म्हणोन त्या साली द्वादशीस सकाळीच महाराज मुदपाकखान्यात दाखल जाहले, आणि महाराज जेथे तेथे दरबार, म्हणोन दिवाण आले, सरनोबत आले, राजपुरोहित आले, राजवैद्य आले, आणि चुलीपाशी उभे राहावयास जागा उरली नाही. ठकूबाईस ताकीद दिली की हात लावू नये, तोंडाने सांगावे. महाराजांनी कढईत साखर ओतिली, पाणी घातिले, आणि दालचिनी टाकावयास गेले तो सरपणाची ढलपी टाकिली, ती ठकूबाईने ओरडून काढविली. मग लवंग किती म्हणोन पुसिले. ती म्हणाली, "चिमूटभर, म्हाराज." परंतु महाराजांची चिमूट तलवारीच्या मुठीस सरावलेली, तीत निम्मी डबी रिकामी जाहली. वैद्य म्हणाले हे उष्ण पडेल, पुरोहित म्हणाले शुभ आहे, आणि महाराज दोघांकडे आळीपाळीने पाहत राहिले, तोवर पाकास कढ आला.

तेव्हा ठकूबाईने खूण सांगितली की, पाकाचा थेंब अंगठा आणि तर्जनी यांत धरून बोटे उघडावी, मध्ये एक तार ताणली गेली की लगोलग कढई उतरवावी आणि लिंबू पिळावे, म्हणजे पाक बरणीत वाहता राहतो. महाराजांनी थेंब घेतला, बोटे पोळली, तरी उघडिली, आणि तार दिसली. निदान दिसली ऐसे वाटले. मग मनात शंका आली की वाटली म्हणजे दिसली काय, आणि आजवर तारेचा निवाडा केला नाही तो आज कसा करावा, आणि चुकला तर आक्काचे दार बंद. त्यांनी दिवाणांकडे पाहिले. तेथेच घात जाहला. त्र्यंबकपंत म्हणाले, "महाराज, कार्य राज्याचे आहे. बोटे मानाप्रमाणे लागावी." मग पहिला मान कोणाचा यावर पुरोहित आणि दिवाण यांची जुंपली, आणि शेवटी पुरोहितांनी मंत्र म्हणोन बोट लाविले, म्हणाले तार नाही. दिवाणांनी बाह्या सावरून बोट लाविले, म्हणाले दीड तार आहे. दीड म्हणजे उतरवावी की ठेवावी, ऐसे महाराजांनी पुसिले, तो ते म्हणाले, "यात विचार करावा लागेल." सरनोबतांनी बोटे ऐसी झटक्याने उघडिली की तार तुटली, आणि वैद्य म्हणाले तार आहे परंतु तिचा रंग बरा दिसत नाही. या सगळ्यात ठकूबाई तीनदा "म्हाराज, उतरवा जी" म्हणाली, आणि तीनदा तीस सांगण्यात आले की तुझी पाळी शेवटची. महाराजांनी ते ऐकिले होते, परंतु चार शहाण्यांपुढे एकटीचे खरे मानावे की नाही, हेही त्यांस ठरविता येईना.

मग तिची पाळी आली. तिने बोट लाविले नाही, कढईत नुसते पाहिले आणि म्हणाली, "म्हाराज, एक तार तुमीच धरली व्हती. दोन तारा आल्या तवा भटजी मंतर म्हनत व्हते. आता गोळी झाली." महाराज म्हणाले, "मग लिंबू पिळू काय?" ती म्हणाली, "आता कशाला, धोंड्यावर?" आणि पदराआड तोंड केले, ते रडावयास की हसावयास हे कळले नाही. लिंबे टोपलीत तशीच राहिली. पाक कसाबसा बरणीत ओतला, आणि संध्याकाळपावेतो तो खडकासारखा आळला. पुन्हा करावा तर कोठीतली साखर फराळास संपली होती, आणि नवी येईतो भाऊबीज उलटती.

दिवाणांनी तरीही तोड काढिली. आदल्या वर्षी परत आलेली बरणी कोठीत तैसीच होती, पाक अजून उत्तम, तीच न्यावी. भाऊबीजेस महाराजांनी दोन्ही बरण्या नावेत घेतल्या. पागोटे घातिले नाही. सारी नदी उतरेतो एका बरणीकडे पाहावे, मग दुसरीकडे पाहावे. चांगली दिली तर आक्का ओळखील, वाईट दिली तर ती हसेल, आणि खरे दिले तर काय होईल याचा अंदाजच येईना.

दारी आक्कासाहेब उभ्या होत्या, तबक तयार होते, निरांजन लाविले नव्हते. त्या म्हणाल्या, "डोके घेऊन आलास, हे बरे केलेस. पाक कोणी केला?"  दिवाणांनी शिकविलेले उत्तर होते, ते महाराजांस आठवेना. मग म्हणाले, "आक्का, ही चांगली, ती ठकूबाईची. ही माझी. ही उलटी केली तरी पडत नाही."

आक्कासाहेबांनी बरणी घेऊन उलटी केली. काही पडले नाही. मग त्यांनी महाराजांचा उजवा हात धरून पाहिला, अंगठ्यास आणि तर्जनीस दोन फोड होते. मग वरवंटा आणविला, बरणी फोडिली, खापऱ्या वेचून पाकाचा एक खडा तोंडात घातला, आणि त्यांस ठसका लागला, डोळे भरून वाहू लागले.

"हा तूच केलास, हैबत्या," त्या म्हणाल्या. "इतका वाईट करायला दुसरे कोणी धजायचे नाही."

"मग रडतेस का?"

"लवंग फार झाली आहे," ऐसे म्हणोन त्यांनी निरांजन लाविले आणि महाराजांस ओवाळिले.

इतके वर्तमान. एकूण पाहता, उत्तम पाक परत का गेला आणि बिघडलेला ठेवून का घेतला, हे महाराजांस आजतागायत उमजले नाही. आक्कासाहेबांची आज्ञा जाहली की पुढील वर्षीही असाच आणावा, आणि असाच पुन्हा कैसा करावा हे दरबारात कोणास ठाऊक नव्हते, म्हणोन बोटे मानाप्रमाणेच लावावी ऐसा ठराव जाहला. भाऊबीजेस पागोटे खुंटीवर राहते. महाराज जातात.