डिंक, कात्री आणि शाई

सेन्सॉरसाहेब, तुमच्यावर माझा उघड आरोप आहे: तुम्ही काम अर्धवट करता.

परदेशी मासिक जनतेच्या हाती जसंच्या तसं पडलं तर राज्य बुडतं, हे कुणीही शहाणा माणूस मान्य करेल. म्हणून प्रत्येक देशाने आपापली रीत शोधली. पश्चिमेकडचे शेजारी कात्री चालवतात. त्यांना दारूच्या जाहिरातींची भीती. दक्षिणेकडचे शाई फासतात. त्यांना उघड्या अंगाची भीती. (अंग बाईचं, पुरुषाचं की घोड्याचं, असा भेदभाव त्यांच्या कायद्यात नाही. शर्यतीच्या एका घोड्याला त्यांनी शाईची विजार घातली, तेव्हा आम्ही महिनाभर हसत होतो.) आपण मात्र सुसंस्कृत. आपण फाडत नाही, फासत नाही. पानाला पान चिकटवतो. पूर्वी तुमचा डिंक वाफेवर सुटायचा. जब्राच्या मासिकांच्या टपरीला लागून चहावाला बसतो तो काही उगाच नाही. मग तुम्ही परदेशी डिंक मागवला. (परदेशी विचार नकोत, डिंक चालतो.)

गेल्या अंकात आपल्या वाळवंटातल्या तुरुंगाचा फोटो आलाय, असं परदेशी रेडिओवर ऐकून उम्म वाइल टपरीवर आली. तिच्या मुलाला, वाइलला, तुमची माणसं घेऊन गेली त्याला तीन वर्षं झाली. तुमच्या कचेरीच्या खिडकीवर तिला एकच उत्तर मिळतं: असा कुणी आमच्याकडे नाही.

"जब्रा, किटली नीट धर रे."

"खाला, हा डिंक जातिवंत आहे. माझ्या सासूपेक्षा घट्ट धरतो."

पान सुटलं, पण सालपट निघाल्यासारखं. फोटोतले चेहरे समोरच्या पानाला चिकटून गेले.

पण प्रत्येक सरकार फक्त स्वतःची लाज झाकतं, शेजाऱ्याची खुशाल विकू देतं. आपल्या घरातलं आपल्याला शेजाऱ्याकडून कळतं ते असं. जब्राने सीमेवरच्या टॅक्सीवाल्याकडून पश्चिमेची प्रत मागवली. आपल्या तुरुंगाचं तिथे कुणाला सोयरसुतक? फोटो शाबूत असणार. पान उघडलं तर तिथे चौकोनी भोक. फोटोच्या पाठीवर बिअरची बाटली होती. कात्रीला पाठपोट कळत नाही.

"कात्रीवाल्याला आई नव्हती का रे?" उम्म वाइल म्हणाली.

"असेल खाला. पण तिला मंजुरी मिळालेली नसेल."

राहिली दक्षिणेची प्रत. ती आली. पान अखंड, फोटो जागेवर. फक्त एवढंच, की तुमच्या तुरुंगात कैद्यांना सदरे देत नाहीत, आणि उघडं अंग तिकडे चालत नाही. तिकडच्या कर्तव्यदक्ष माणसाने सगळ्यांच्या छात्या झाकल्या. ब्रश रुंद होता, नाकापर्यंत गेला. एका ओळीत काळे पट्टे, आणि वर नुसते डोळे अन् कपाळं.

"हा," म्हणत तिने भिंतीजवळच्या एका कपाळावर बोट ठेवलं. "डाळिंबाच्या झाडावरून पडला होता. ही खोक बघ."

"खाला, कागदाची सुरकुती असेल ती."

"मग पुसून बघ बोटाने."

जब्राने पुसलं नाही. घोड्याला हसलेले आम्ही सगळे तिथेच उभे होतो. वाचकहो, मघाशी तुम्हीही हसलात.

साहेब, चिकटवण्याआधी तुम्हाला वाचावं लागतं. म्हणजे न चिकटवलेला एक अंक तुमच्या कपाटात आहे. अख्ख्या देशात तेवढाच धड. उम्म वाइल उद्या तुमच्या खिडकीवर येतेय, ते कपाळ घेऊन. नाकाखालचा चेहरा तुमच्याकडे आहे. तो वाइल आहे का? हो की नाही, एवढंच सांगा.