मेश्राम काकाजी आणि सहा किलो

माझ्या मुलीचं जन्माच्या वेळचं वजन दोन किलो आठशे ग्रॅम होतं की दोन किलो सातशे साठ, हा वाद आमच्या गल्लीत अजून मिटलेला नाही. दवाखान्याच्या कागदावर आठशे लिहिलं आहे. पण बाळ घरी आलं त्या संध्याकाळी शेजारचे मेश्राम काकाजी झबलं-टोपडं आणायच्या ऐवजी ताणकाटा घेऊन आले. त्यांनी धुतलेल्या दुपट्ट्याची झोळी केली, आधी नुसत्या दुपट्ट्याचं वजन घेतलं, मग बाळासकट घेतलं आणि चाळीस ग्रॅमची तूट जाहीर केली. सुरुवातीच्या दिवसांत लेकरं थोडी वाळतातच, असं माझ्या सासूबाईंनी सांगून पाहिलं. काकाजींचं म्हणणं एवढंच होतं की लेकरू वाळलं की नाही हा पुढचा प्रश्न, आधी काटा कधी तपासला ते विचारा. मुलगी आज सातवीत आहे आणि काकाजी तिच्या वाढदिवसाला अजून ती तूट काढतात.

काकाजींनी वजनमापे खात्यात पस्तीस वर्षं काढली. साहेब वेगळे असत, काकाजी त्यांचे मदतनीस. दुकानदाराच्या लोखंडी वजनाला खालून एक भोक असतं, त्यात शिसं भरलेलं असतं, आणि वजन खरं निघालं की त्या शिशावर मोहोर मारतात. ती मोहोर मारणारा हात काकाजींचा. घाटंजी, राळेगाव, बोरी अरब, जिथे म्हणून बाजार भरतो तिथल्या तराजूंनी हा हात ओळखला आहे. निवृत्त होऊन आठ वर्षं झाली, तरी आमच्या आठवडी बाजारात काकाजी दिसले की भाजीवाल्या बाया आपसूक ताजवा सरळ धरतात.

कुठलीही वस्तू समोर आली की त्यांचा पहिला प्रश्न ठरलेला, "मोहोर आहे काय?" हा प्रश्न त्यांनी गॅसच्या टाकीला विचारला आहे, पुतणीला पाहायला आलेल्या इंजिनिअर मुलाच्या डिग्रीला विचारला आहे आणि एकदा माझ्या बायकोने केलेल्या रव्याच्या लाडवांनाही विचारला आहे. बारा लाडवांत सर्वांत मोठा आणि सर्वांत लहान यात अकरा ग्रॅमचा फरक निघाला होता. बायको आठ दिवस त्यांच्याशी बोलली नाही. काकाजींना ते कळलंही नाही, कारण ते बोलायला येत ते माझ्याशी.

काकूंचं मात्र सगळं अंदाजपंचे. मूठभर, चिमूटभर, एवढंसं. काकाजींसारख्या माणसाबरोबर चाळीस वर्षं काढताना त्यांनी घरात एक साधा मापाचा कप येऊ दिला नाही. आणि हात असा की काकूंच्या लंबी रोटीसाठी लोक ओळखी काढत यायचे. ज्यांनी ही रोटी पाहिली नाही त्यांच्यासाठी सांगतो. कणीक पाणी घालून घालून सैल करतात, परातीत आपटून आपटून तिला तार आणतात, मग गोळा हातावर घेऊन कोपरापर्यंत लांबवत नेतात आणि चुलीवरच्या पालथ्या मडक्यावर टाकतात. रोटी रुमालासारखी पातळ होते, पण करणारीचे दोन्ही खांदे भरून येतात. दर दसऱ्याला आमच्या गल्लीतली मंडळी दीक्षाभूमीला नागपूरला जातात, आणि त्यांच्या पिशव्यांत काकूंच्या रोट्या असतात. कोणाला सांगावं लागत नाही, आदल्या दिवशी चूल पेटतेच.

गेल्या उन्हाळ्यात काकू न्हाणीत घसरल्या आणि उजवा हात मोडला. प्लास्टर निघालं तेव्हा हात अर्धा झाला होता. यवतमाळच्या व्यायामाच्या डॉक्टरीणबाईंनी सांगितलं की हाड जुळलं आहे, आता ताकद आणायची. हळूहळू वजन वाढवायचं, दोन किलो, मग चार, आणि सहा किलो नीट उचलता आलं की परातीला हात लावायचा, त्याआधी नाही. कागदावर त्यांनी लिहिलं, केटलबेल, म्हणजे वर मूठ असलेला वजनाचा गोळा. काकूंनी विचारलं, दसऱ्यापर्यंत होईल काय. बाई म्हणाल्या, केलं तर होईल.

तो कागद घेऊन काकाजी माझ्याकडे आले, कारण गल्लीत केटलबेल फक्त माझ्याकडे होता. आठ किलोचा. दोन वर्षांपूर्वी पोट कमी करायचा निश्चय केला तेव्हा ऑनलाइन मागवला होता, आणि गच्चीचं दार वाऱ्याने आपटू नये म्हणून त्याचा फार उपयोग होत होता. काकाजींनी तो ताणकाट्याला लावला. सात किलो सहाशे चाळीस. त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं, जणू मीच लोखंड खाल्लं आहे.

"सर, दोन वर्षं तुमी तीनशे साठ ग्राम कमी व्यायाम करून राह्यले," ते म्हणाले.

बायको आतून म्हणाली की दोन वर्षांत मी तो चार वेळा उचलला आहे, त्यातले तीनदा झाडताना. काकाजींनी ते मनावर घेतलं नाही. दुसऱ्या दिवशी सकाळच्या एसटीने आम्ही यवतमाळला गेलो. मला न्यायचं कारण इंग्रजी वाचायला, असं त्यांनी सांगितलं. मी मराठी शिकवतो.

पहिल्या दुकानातला माल रंगीत होता, निळा, गुलाबी. काकाजींनी टिचकी मारली, आवाज बोदा आला. आत सिमेंट, वरून प्लॅस्टिक. स्वस्त होता, पण सहा किलोचा गोळा कलिंगडाएवढा, आणि शिवण एका बाजूने उघडायला लागलेली. दुसऱ्या दुकानात चकत्या घालून वजन कमी-जास्त करायचा प्रकार होता. एकात सगळं म्हणून मला आवडला. काकाजींनी तो कानाशी हलवला, आत चकत्या वाजल्या. जे वाजतं ते एक दिवस पायावर पडतं, असं म्हणून त्यांनी तो परत ठेवला. तिथल्या मुलाला त्यांनी मोहोर विचारली. व्यायामाच्या वस्तूला मोहोर नसते, तो म्हणाला. तेव्हा काकाजींनी त्याला अर्धा तास शिशाची माहिती दिली आणि त्या पोराने ती ऐकून घेतली, हे त्याचं मोठेपण.

तिसऱ्या दुकानात ओतीव लोखंडाचे होते, गोळा आणि मूठ एकाच ओतातले. इथे काकाजींनी खिशातून कापसाचं बोंड काढलं. आमच्या भागात कोणाच्याही खिशात ते निघू शकतं, त्यामुळे मला नवल वाटलं नाही. त्यांनी त्यातला पुंजका काढला आणि मुठीवरून आतून-बाहेरून हळूच फिरवला. जिथे लोखंडाची बारीक शीर राहिली होती तिथे कापसाचा धागा अडकला. तो तुकडा बाद. "तुमच्या काकूचा तळवा मऊ आहे," एवढंच ते दुकानदाराला म्हणाले. मग बूड सपाट आहे का, ठेवल्यावर डुलतो का, मुठीत चार बोटं मोकळी बसतात का, हे पाहिलं. शेवटी ताणकाटा. सोळा तुकड्यांतून दोन, चार आणि सहा किलोचे असे तीन निघाले, ग्रॅमला ग्रॅम खरे. भाव करताना त्यांनी बाद केलेल्या तेरा तुकड्यांची तूट एकत्र मांडून दाखवली. दुकानदाराने घाबरून किंवा कंटाळून भाव उतरवला. रंगीत मालापेक्षा तिन्ही मिळून थोडे महाग पडले, पण ऑनलाइनपेक्षा पुष्कळ स्वस्त, आणि नातवंडांनाही पुरतील असे.

काकूंनी त्यांना पाहताक्षणी नाव ठेवलं, कुलूप. आकार पाहाल तर तुम्हीही तेच म्हणाल. रोज सकाळी ओट्यावर काकू कुलूप उचलत आणि काकाजी शेजारी बसून मोजत. दोन किलो पंधरा दिवसांत झालं. चार किलोला महिना लागला. मग सहा आलं आणि गाडं अडलं. काकू उचलायच्या, जमिनीपासून वीतभर वर यायचं, मनगट थरथरायचं आणि ठप्पकन खाली. आठ दिवस, दहा दिवस. एका सकाळी त्यांनी तो खाली ठेवला आणि पदराने हात पुसला.

"नाई होत आता. हात गेला माहा," त्या म्हणाल्या.

त्यानंतर त्यांनी व्यायाम सोडला. दोन आणि चारही कोपऱ्यात गेले. दुपारी त्यांनी रोटीचं मडकं पलीकडच्या वानखडे बाईंना देऊन टाकलं, झाड लावायला कामी येईल म्हणाल्या. काकाजी दारात उभे होते. त्यांनी अडवलं नाही. मला फार वाईट वाटलं, आणि खरं सांगायचं तर काकाजी गप्प बसले याची भीतीही वाटली.

दोन दिवसांनी काकाजी एकटेच यवतमाळला गेले. नंतर तीन-चार दिवस मागच्या पडवीत त्यांची काहीतरी खुडबुड चालली होती. मग एका सकाळी ओट्यावर गल्ली गोळा होईल एवढ्या आवाजात त्यांनी जाहीर केलं, की सहा किलोचा जुना केटलबेल त्यांनी पुन्हा मोजला, तो सहा किलो सातशे भरला. ताणकाट्याची स्प्रिंग अडकत होती, त्यांच्या ध्यानात आलं नाही. "चूक माही आहे," ते म्हणाले. "तुमची काकू सहाच्या वर उचलाले पाहत होती. हा घ्या बराबर सहाचा." आणि त्यांनी नवा काळा केटलबेल पुढे ठेवला. त्यावर पांढऱ्या रंगात सुबक ६ लिहिलेला.

मी गार पडलो. बारा वर्षांच्या शेजारात मी या माणसाला चूक कबूल करताना पाहिलं नव्हतं. वजनाची तर नाहीच. काकूंनी त्या नव्या केटलबेलकडे पाहिलं, मग काकाजींकडे पाहिलं, बराच वेळ. मग पदर खोचला आणि उचलला. गुडघ्यापर्यंत आला. काकाजींनी "एक" म्हटलं.

जुना जड माल त्यांनी मला देऊन टाकला. माझ्या मेहुण्याने विमानात न्यायच्या बॅगा मोजायला घेतलेला छोटा काटा आमच्याकडे पडून होता. सहज म्हणून मी तो केटलबेल त्याला लावला. सहा किलो. वर दहा ग्रॅम नाही, खाली दहा ग्रॅम नाही. मी पुन्हा लावला, बायकोलाही लावायला सांगितलं. मग डबा परत द्यायच्या निमित्ताने काकाजींकडे गेलो आणि ओट्यावरचा नवा हातात घेतला. पाचाचा असावा. त्या सुबक ६ च्या खाली ओतीव आकडा पुट्टीने बुजवला होता, पण बोटाला पाचाचं पोट लागत होतं. ज्याने जन्मभर खोटी वजनं जप्त करवली त्याने स्वतःच्या पडवीत बसून एक खोटं वजन बनवलं होतं. मी ते जपून खाली ठेवलं आणि कोणालाही सांगितलं नाही.

महिनाभराने एका दुपारी काकू आमच्याकडे आल्या. काकाजी झोपले होते. काकूंनी पाणी घेतलं, इकडचं तिकडचं बोलल्या आणि मग विचारलं की तो खरा सहाचा कुलूप तुमच्याकडेच आहे ना. मी बायकोकडे पाहिलं, बायकोने माझ्याकडे.

"असे काहून पाहता," काकू म्हणाल्या. "साहेबाच्या पेटीतले पितळी वजनं तीस वर्षं मीच पुसत होती. कॅम्पहून आले का पेटी माह्यापुढं. पाच किलो न् सहा किलो मले नाई कळत काय?"

पहिल्या दिवशीच कळलं होतं का, मी विचारलं.

"हात लावला तवाच. पण ज्या माणसानं कोणाले ग्रामभर सोडलं नाई, त्यानं माह्यासाठी किलोभर खोटं केलं. वर चारचौघांत चूक आपल्यावर घेतली. मंग मले उचलाच लागला." त्यांनी ग्लास खाली ठेवला. "पण सर, ते रात्री झोपत नाई अलीकडं नीट. रोज त्या आकड्याकडं पाहत राह्यते. त्यायले खोटं पचत नाई. तुमच्याकडचा खरा मले दुपारी उचलू द्या. मले जमला का त्यायचं बोलणं खरं होते."

त्या दिवसापासून दुपारी आमच्या मागच्या अंगणात काकूंचा व्यायाम सुरू झाला. बायको मोजायची, मी रस्त्याकडे लक्ष ठेवायचो. पहिल्या दिवशी वीतभरच. पाचव्या दिवशी गुडघ्याला. पाऊस उघडला, सोयाबीन काढणीला आलं, आणि दसऱ्याच्या आठ दिवस आधी काकूंनी तो कमरेपर्यंत उचलला, एकदा नाही, दहा वेळा. खाली ठेवून त्या पायरीवर बसल्या. घाम पुसला, मग डोळे पुसले, आणि हसल्या.

"झालं. आता ते खोटे नाई राह्यले," त्या म्हणाल्या, आणि जाताना वानखडे बाईंच्या दारातून मडकं परत घेऊन गेल्या. सुदैवाने त्यात अजून झाड लावलं नव्हतं.

दसऱ्याच्या आदल्या संध्याकाळी काकाजी आमच्याकडे डबा घेऊन आले. वरच्या फडक्यातून वाफ येत होती. रोट्या काकूंनी एकटीने केल्या, परात कोणाला उचलू दिली नाही, असं त्यांनी सांगितलं. मग म्हणाले, "सहा किलो उचलते आता तुमची काकू. दहा दहा वेळा." हे बोलताना ते माझ्याकडे पाहत नव्हते, डब्याच्या कडीकडे पाहत होते.

"उचलते, काकाजी," मी म्हणालो. "बराबर सहा. मी पाह्यलं आहे."

त्यांनी मान वर केली. मी त्यांच्या खोट्याला साथ देतो आहे असंच त्यांना वाटलं असणार, कारण त्यांचे डोळे भरून आले आणि त्यांनी माझा हात धरला. किती वेळ धरला ते मी मोजलं नाही. मग रोट्या थंड करू नका म्हणाले आणि चपला घालून घरी गेले. काकू दारातच उभ्या होत्या.